टिटवीचा आवाज काढू नये

मथुरा, मेलेल्या माणसाचा हेवा करता येत नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा माझ्याशी येऊन बोलावं. तू गेलीस त्या दिवशी दांडी गावची एकही होडी समुद्रात गेली नाही. जाळी काठावर तशीच पडून राहिली, बायकांनी टोपल्या पालथ्या घातल्या, आणि पार उमरोळीपासून तुझी जुनी मुलं चालत आली. तुला घराबाहेर काढत होते तेव्हा मी गर्दीत मागे उभी होते. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी मनात आलं, आपण गेलो तर काय थांबेल? फार तर शाळेला अर्धी सुट्टी मिळेल, तीही मुख्याध्यापकांची मर्जी असली तर.

सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलताहेत. बोलू देत. मी मात्र तुझ्याशी भांडायलाच बसले आहे, कारण आपल्याला तेवढंच नीट जमायचं.

मी कराडकडची, विज्ञान शिकलेली. नवरा अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागला म्हणून बोईसरला आले आणि तारापूर रस्त्यावरच्या शाळेत सहावी-सातवीला शास्त्र शिकवू लागले. माझ्यापाशी मुंबईहून आणलेले रंगीत तक्ते होते, बरणीत घातलेला बेडूक होता. मासवणकडची एक पोरगी आत्याकडे राहून शिकत होती. तिने त्या बेडकाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्यो तर मेलाय. मंग ह्यो करतो काय?" मी म्हणाले, तो दाखवायला आहे. मग तू आलीस. दांडीच्या मांगेला मच्छीमारांच्या घरातली, ट्रेनिंग कॉलेज करून आलेली, घसा खणखणीत, हसणं त्याहून मोठं. तुला पाचवीचा वर्ग मिळाला आणि वर सगळ्या शाळेचा गाण्याचा तास. पाचवीचं शास्त्रही वर्गाच्या बाईंनीच शिकवायचं असायचं, आणि तिथेच माझ्या नशिबाचं वाटोळं झालं.

एकदा डबा खाताना तू मला विचारलंस, "काय गो विमल, पाणी उतरलं की निवटी चिखलात उड्या मारत फिरते. तिचा जीव घुसमटत नाय?" खाडीच्या चिखलातल्या त्या बोटभर माशाचा तू रस्सा करायचीस, मी त्याचं फक्त चित्र पाहिलं होतं. पण उत्तर माझ्याकडे होतं. ती कल्ल्यांपाशी पाणी धरून ठेवते, कातडी ओली ठेवते, म्हणून तिचे गाल फुगलेले दिसतात. तुझा घास हातातच राहिला. "गाल फुगलेले," एवढंच तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तुझा सगळा वर्ग तोंडात पाण्याची गुळणी धरून, कोपरांवर भार देऊन, शाळेच्या ढोलाच्या ठेक्यावर व्हरांड्यात उड्या मारत होता. ज्याचं पाणी सांडेल त्याने खाडीत परत जायचं, म्हणजे हौदावर. हसलं की पाणी सांडायचं आणि हसू तर सगळ्यांनाच येत होतं. माझ्या सहावीने खिडकीला नाकं लावली. मी फळ्यावर "श्वसन" हा शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता, तो कोणी उतरवूनही घेतला नाही.

त्या वर्षी तपासणीला साहेब आले. माझ्या वर्गाने उत्तरं धडाधडा म्हणून दाखवली. साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. तुझ्या वर्गात त्यांनी विचारलं, चिखलातला मासा पाण्याबाहेर जगतो कसा? कोणी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांनी एकदम गाल फुगवले आणि बाकांवरून उड्या टाकल्या. साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. जाताना मुख्याध्यापकांना म्हणाले, संगीत-नृत्यातून प्राण्यांचं जीवन शिकवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय. तू लगेच सांगितलंस, "साहेब, गालांचं ते विमलबाईंनी सांगितलं, मी नाय." त्यांनी "हो का, हो का" केलं आणि चहाकडे वळले. तू जरा लबाड असतीस ना, मथुरा, तर माझं काम सोपं झालं असतं. तुझ्या नावाने बोटं मोडता आली असती. तू प्रत्येक वेळी माझं नाव घ्यायचीस आणि प्रत्येक वेळी ते कोणाच्याच कानात शिरायचं नाही.

तुझ्या चुकाही मी काढायचे, का नाही काढायच्या? सुगरणीच्या नाचात तू मुलींना घरटं विणायला बसवलंस. मी व्हरांड्यातच तुला अडवलं. त्या पक्ष्यात घरटं नर विणतो, मादी फक्त येऊन पारखते, नाही आवडलं तर निघून जाते. तू कपाळावर हात मारलास आणि मुलग्यांना उठवलंस. ते फुरंगटले. घर विणणं बायकांचं काम, आम्ही नाही बसणार. मी त्यांना समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू विचारलंस, "तुमच्या घराच्या कुडाच्या भिंती कोण विणतं?" एक जण म्हणाला, "बापूस." "मंग बसा विणायला." बसले की मुकाट! मी नर आणि मादी यांवर जे भाषण देणार होते ते माझ्या घशातच राहिलं.

मासळी झुंडीने कशी वळते तेही तू शिकवलंस. वारल्यांच्या तारप्याच्या नाचासारखी साखळी धरायला लावलीस. एकमेकांच्या कमरेला हात, नजर फक्त शेजाऱ्यावर. तारपा नव्या भाताच्या दिवसांतच वाजवायचा असतो, म्हणून त्याचा सूर तू नाकातून काढायचीस आणि डोंगराकडची पोरं हसून लोळायची. पुढारी कोणी नाही, तरी सगळी रांग एकदम वळायची. मी खांबाला टेकून पाहत होते. ते मी तुला कधीच सांगितलं नाही की त्या दिवशी पहिल्यांदा मलाही ते खरं कळलं. तोवर मला फक्त माहीत होतं.

पण धडे तुझे चांगले होते म्हणून मी जळत होते असं समजू नकोस. तेवढं मी पचवलं असतं. तू माझी सुमी घेतलीस.

माझी एकुलती एक मुलगी तुझ्या पाचवीत आली आणि आमच्या घरात दिवसभर तुझं नाव सुरू झालं. मथुराबाई म्हणतात, मथुराबाईंनी सांगितलं, मथुराबाई असं करत नाहीत. पाणी आण म्हटलं तर माठापर्यंत निवटीसारखी उड्या मारत जायची. मी केलेल्या मासळीला नाक मुरडायची, आणि तिला ताप आला तेव्हा तू डब्यातून आणलेलं बोंबलाचं कालवण तिने वाटी पुसून खाल्लं. तापात तिने मला हाक मारली नाही. "बाईंना बोलवा" म्हणाली. तुझे स्वतःचे दोन मुलगे होते, मथुरा. धडधाकट, हसरे, तुझ्यासारखेच. तुला काय कमी होतं? मी तुला तेव्हा म्हणाले, माझ्या पोरीला फार डोक्यावर चढवू नकोस. तू हसून म्हणालीस, "चढू दे गो, उतरल तवा तुझ्याकडंच येल." मला त्या हसण्याचा इतका राग आला की दोन दिवस मी डबा वेगळा खाल्ला.

आणि मग ती टिटवी.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मिठागराच्या बांधाजवळ तुला टिटवीची अंडी दिसली. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळणार नाहीत अशी. आपण दोघी पोरांना लांबून दाखवायला गेलो. एक कुत्रं आलं, तशी टिटवी अंड्यांवरून उठली आणि पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटत, लंगडत, कुत्र्याच्या अगदी नाकापुढून दूर दूर गेली. कुत्रं मागे लागलं. पुरेसं लांब गेल्यावर ती सरळ उडाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. आपण तिथेच भांडायला लागलो. तिला कळतं का, आपण नाटक करतोय ते? मी म्हणाले, नाही, ती उपजत सवय आहे, तिच्या जातीला ती पिढ्यान्‌पिढ्या जगवत आली आहे. तू म्हणालीस, "आईला कळत नाय, असं कुठल्या पुस्तकात लिवलंय?" मी म्हणाले, सगळ्या पुस्तकांत. त्यावर तू काहीतरी बोलणार होतीस, पण शाळेची घंटा झाली. ते भांडण तसंच राहिलं.

टिटवीचा नाच करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, आता ही अडकेल. तुमच्याकडे टिटवीचा आवाज माणसाने काढायचा नसतो. काढला की त्या घरातलं किंवा त्या वाडीतलं कोणीतरी जातं. तू मोठी शिकलेली, पण तूही त्याच घरातली. मी चिडवलं तर म्हणालीस, "मी नाय मानत. पण पोरांच्या आया मानतात, उगाच कशाला दुखवा?" म्हणून तू नाच मुका केलास. काही पोरं अंडी होऊन गप्प बसायची, एक कुत्रा व्हायचा, आणि टिटवीने तोंड उघडायचं पण आवाज काढायचा नाही. आवाजाच्या जागी ढोल. टिटवी कोण? अर्थात सुमी.

तालमीला ती फार छान करायची, हे मला कबूल करायलाच हवं. हात असा लोंबकळत सोडायची की आतून काहीतरी तुटलंय असं वाटायचं. आणि एक दिवस ती भानावरच राहिली नाही. कुत्रा अंगावर आला तशी तिच्या तोंडून खराखुरा आवाज निघाला. टिटीव, टिटीव! दांडीच्या पोरींनी कानांवर हात ठेवले. तू ढोल बाजूला ठेवलास, तिला उचललंस आणि मोठ्याने म्हणालीस, "उडाली बघा माझी टिटवी!" तुझी टिटवी! मला फक्त तेवढंच ऐकू आलं आणि तेवढंच टोचलं.

मग तुला कावीळ झाली. आधी पाला घेतलास, मग पालघरच्या दवाखान्यात नेलं, पण ती उतरलीच नाही. मी भेटायला आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि आवाज पार बसला होता. तरी विषय तोच. "विमल, टिटवीचा धडा अर्धा राह्यला. अजून पिल्लं बाहेर आली नायत. तू घे." मी म्हणाले, मला नाचता येत नाही. "तुला कोण नाच बोलतंय? तू खरं ते सांग, पोरं आपली नाचतील." मी म्हणाले, बरी हो आणि तुझं तू घे. तुझी शाळा तू सांभाळ. मला म्हणायचं होतं की तू नसलीस तर मी भांडू कोणाशी. पण तिथे तुझी सासू होती, नवरा होता, आणि असलं काही बोलायची आपल्याला सवयही नव्हती.

तू गेलीस आणि सुमी रडली नाही. एक टिपूस नाही. जेवायची, शाळेत जायची, हाक मारली तर "ओ" द्यायची. पण घरात नाचली नाही, गाणं म्हटलं नाही, आणि तुझं नाव तर तिच्या तोंडातून पुसल्यासारखं गेलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिचं दुःख इतकं मोठं आहे की ते माझ्यासमोर काढण्याच्या लायकीची मी नाही. शाळेत लावलेल्या तुझ्या फोटोकडे मी अशा रागाने पाहिलं की तू तिथून उठून आली असतीस.

शेवटी तिला घेऊन मी दांडीला तुझ्या घरी गेले. बाहेर बोंबील वाळत होते, तुझ्या सासूने आम्हाला चटई दिली. तिने सुमीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, "पोरीचा दोष नाय, बाय. पोर नेणती हाय. टिटवी बोलली, तिला काय ठावं? ज्याला जायचं तो गेला." मी सुमीचा हात धरला होता. तो हात गारठला. तिने मान खाली घातली, चोरी करताना पकडलेल्या मुलासारखी, आणि मला सगळं उमगलं. माझी पोर तुझ्यासाठी रडत नव्हती, कारण रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. आपणच बाईंना मारलं, असं ती इतके दिवस एकटी पोटात घेऊन फिरत होती. आणि मी तिच्या शेजारी झोपत होते.

घरी आल्यावर मी तिला बसवून समजावलं. कावीळ कशाने होते, यकृत कुठे असतं, दूषित पाणी काय करतं. तक्ता काढला. ती म्हणाली, "हो आई." पक्ष्याच्या आवाजाने कोणी मरतं का? "नाही आई." परीक्षेत दहापैकी दहा मिळावेत अशी उत्तरं होती. नंतर मी पाहिलं तर ती कोपऱ्यात दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती.

मुख्याध्यापकांनी तुझा वर्ग मला दिला. "पण बाई, नाच सध्या नको. पालक येऊन गेलेत," असं वर सांगितलं. वर्गात गेले तर सुमीच्या बाकावर सुमी एकटीच. बाकीच्या मुली मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या. कोणी तिला काही बोललं नव्हतं, सगळ्या नुसत्या सरकून बसल्या होत्या. मी विचारलं, "उघड्यावर अंडी घालणारा पक्षी कोणता?" उत्तर सगळ्यांना येत होतं. सगळे जमिनीकडे पाहत होते.

मथुरा, मला तुझा त्या क्षणी इतका राग आला! हे घोळ तुझे, नाच तुझा, ढोल तुझा, आणि निस्तरायला मी. मी खडू ठेवला. पदर खोचला. एक हात लोंबता सोडला आणि टेबलापासून दारापर्यंत लंगडत, फरफटत निघाले. ठेका नव्हता, ताल नव्हता, नऊवारी नेसणाऱ्या आजीबाई घसरल्यासारखं दिसलं असेल. एक-दोघं फिसकन हसलीदेखील. आणि दारापाशी पोचल्यावर मी जीव खाऊन ओरडले. टिटीव! टिटीव! टिटवीला आपलं नाटक कळत असतं का, यावर आपण भांडलो होतो. मला विचारशील तर मी नाटक करत होते की नाही, ते मलाच सांगता येणार नाही.

दुसऱ्यांदा ओरडले आणि सुमी बाकावरून उडी टाकून आली. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा माझा कडक नियम. तिने तो कधी मोडला नव्हता. तिने दोन्ही तळवे माझ्या तोंडावर दाबले आणि किंचाळली, "आई, नको ना! आई, तू पण मरशील! आई!"

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या पोरीचे हात माझ्या तोंडावर होते, सगळा वर्ग पाहत होता, आणि मला एवढंच कळत होतं की ही मला जाऊ देणार नाही. मग मी तिचे हात सोडवले आणि वर्गाला म्हणाले, "उद्या प्रार्थनेला मी आले नाही, तर तुमचं खरं. आले, तर सगळ्यांनी मिळून हा आवाज काढायचा. कबूल?"

दुसऱ्या दिवशी सुमी बोईसरपासून शाळेपर्यंत माझा पदर मुठीत धरून चालली. मी जरा खोकले तरी तोंडाकडे बघायची. फाटकाशी दांडीची पोरं नेहमीपेक्षा लवकर येऊन उभी होती. मी दिसताच एक जण आत पळत सुटला, "बाई आल्या! बाई हायत!" बेडकावाल्या त्या मासवणच्या पोरीची धाकटी बहीण आता पाचवीत होती, तिने सगळ्यांत आधी तोंडाशी हात नेला आणि हळूच आवाज काढला. मग दुसरीने. मग सगळ्या वर्गाने मिळून असा काही गलका केला की मुख्याध्यापक खोलीतून बाहेर आले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत आत गेले. मधल्या सुट्टीत सुमीच्या बाकावर दोघी जणी येऊन बसल्या.

शाळा सुटल्यावर आम्ही मिठागराच्या वाटेने निघालो. बांधावर सुमी थांबली आणि खाली बसली. म्हणाली, "म्हणजे बाई माझ्यामुळे नाही ना गेल्या?"

"नाही."

"मग नुसत्याच गेल्या?"

"नुसत्याच गेल्या, बाळा."

तेव्हा ती रडली. माझ्या मांडीत डोकं खुपसून, "बाई, बाई" करत, श्वास अडकेपर्यंत रडली. मी त्याच शाळेची बाई, तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि ती तुला हाका मारत होती. मी गेले तर ही इतकी रडेल का, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आलाच, तुझ्यापासून काय लपवू? मी तिला गप्प केलं नाही. "रड," म्हणाले, "अजून रड." आणि मग तिच्या रडण्याच्या आडोशाने मीही रडून घेतलं.